ठाणेदार आता तुमसरला राहतो

प्रिय ताई,

तुझी खुशाली विचारायची सोय आता राहिली नाही, म्हणून थेट आमच्याकडचंच सांगतो. काल तुझं वर्षश्राद्ध झालं. पवनीच्या घरीच केलं. मी, मंगला आणि ठाणेदार, तिघंही गेलो होतो. हो, ठाणेदारही! तिथून निघताना जे घडलं ते कुणाला तरी सांगावं म्हणून आज सकाळी फोन हातात घेतला आणि तुझा नंबर शोधायला लागलो. मग लक्षात आलं. फोन ठेवला आणि कागद घेतला.

पण कालचं सांगायच्या आधी वर्षभराचं सांगायला हवं. तुला काहीच ठाऊक नाही ना!

तुला आठवतं, भंडाऱ्याच्या दवाखान्यात तू शेवटी शेवटी सारखं एकच विचारत होतीस? "जेवला का तो?" मला वाटलं, बाहेर बाकावर बसलेल्या मंगलाच्या भाच्याबद्दल विचारतेस. मी म्हणायचो, "जेवला, ताई. सारे जेवले." तू मान हलवायचीस आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. तू ठाणेदारबद्दल विचारत होतीस, हे मला तुझ्या तेरवीला कळलं.

तेरवीला घर माणसांनी भरलं होतं आणि तो ओट्यावर भिंतीला लागून पडला होता. अंगात काही उरलं नव्हतं. फासळ्या दिसत होत्या. मी देवाजीला विचारलं, तर तो म्हणाला, "ताईले दवाखान्यात नेलं तवापासून असाच हाये, भाऊ. मी रोटी टाकतो, भात टाकतो. वास घेते अन् तोंड फिरवते." शेजारधर्म म्हणून त्यानं हातमाग सोडून दिवसातून किती चकरा मारल्या असतील, देव जाणे.

मग सगळ्यांची चर्चा सुरू झाली. घराला कुलूप लागणार, मग कुत्र्याचं काय? कोणी म्हणालं, नदीपलीकडे सोडून द्या. कोणी म्हणालं, "गल्लीतलं कुत्र हाये, गल्लीत जगन." एकानं तर सांगितलं, "एवढ्या मोठ्या कुत्र्याले नवीन घराची सवय नाही लागत. पिल्लू असतं त गोष्ट वेगळी होती."

तेव्हा मला तू आठवलीस. निवृत्तीनंतर तू त्याला घरी आणलंस, तेव्हा मीही हेच म्हणालो होतो ना? कोणी नोकरीवाला बदली होऊन गेला, सामान नेलं, खाटा नेल्या आणि त्याला खोलीच्या बंद दारासमोर सोडून गेला. गळ्यात पट्टा तसाच. मी फोनवर म्हणालो, "ताई, पाळाचाच होता त पिल्लू आणाचं." तू काय फाडकन बोललीस! "पिल्लू सारेच नेतात, वसंता. मोठ्या कुत्र्याले कोण विचारते? माणसावानीच हाये हे."

आणि नाव तरी काय ठेवलंस! ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची तपासणी करतो, हाताचा वास घेतल्याशिवाय कोणाला पुढे जाऊ देत नाही, म्हणून ठाणेदार. पोस्टमन तर गल्लीत शिरतानाच हात पुढे करायचा म्हणे.

तर तेरवीच्या दिवशी, सगळे बोलत असताना मंगला मध्येच म्हणाली, "आपण नेऊ त्याले."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. मंगला! चिखल्याच्या खाणीच्या कॉलनीत लहानपणी कुत्रं चावलेली, पोटातल्या सुया आठवल्या की अजून पदर आवळून घेणारी, लग्न झाल्यापासून रस्त्यात कुत्रं दिसलं की माझ्या दुसऱ्या बाजूला येणारी मंगला. तिनंच ठरवलं. अट मात्र घातली, "ताईचा हाये म्हणून. पण माह्या स्वयंपाकघरात पाय नाही ठेवाचा, अन् मले हात लावाले नका सांगू."

तुझी खाट आणि कपाट न्यायला छोटा हत्ती टेम्पो आणला होता. त्यातच त्याला दोघांनी उचलून बसवलं. तुमसर येईपर्यंत तो एकदाही भुंकला नाही. मला ते भुंकणं ऐकायला हवं होतं.

ताई, तेव्हा माझीही तब्येत काही सांगण्यासारखी नव्हती. धानाच्या गिरणीतून निवृत्त झाल्यावर मी कसा झालो होतो, ते तू पाहिलंच होतंस. इतकी वर्षं मशीनच्या आवाजात गेली, आणि मग एकदम शांतता. सकाळी खुर्चीत बसलो की दुपारपर्यंत टीव्ही. दरवर्षी दिवाळीला तू तुझं ते बीपीचं मशीन काढायचीस, माझ्या दंडाला पट्टा गुंडाळायचीस, आकडा पाहून चष्म्यावरून माझ्याकडे बघायचीस. "चालत जा गा, वसंता! पाय देवानं कायले देल्ले?" जन्मभर नर्स म्हणून खेड्यापाड्यात फिरलीस, तुझं सगळ्यांनी ऐकलं, सख्ख्या भावानं तेवढं नाही. मी मान हलवायचो आणि आणखी एक करंजी उचलायचो.

तू गेल्यावर तर मी बोलणंच सोडलं. आईच्या माघारी तू वाढवलंस मला. साठी उलटलेल्या माणसाला पोरकं झाल्यासारखं वाटतं, हे कोणाला सांगणार? साखर वाढली, झोप गेली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि सांगितलं, "रोज थोडं तरी चाला, काका. नाहीतर हे आटोक्यात येणार नाही." मी "हो" म्हणालो. घरी आलो. खुर्चीत बसलो.

अशा घरात ठाणेदार आला. वरांड्यात पडलेला तो, खोलीत पडलेला मी! मंगला म्हणाली, "दोन आजारी आणले मी घरात."

तो काही खाईना. मी गिरणीतून तांदळाची कनकी आणली, तिचा मऊ भात केला, दूध घातलं. नाही. कोणी सांगितलं म्हणून अंडं उकडलं. नाही. पशुवैद्यकाकडे नेलं. त्यांनी तपासलं, कानातल्या गोचिडी काढल्या, लस टोचली आणि म्हणाले, "रोग नाही काही. वय झालेलं कुत्रं आहे, घर गेलं, माणूस गेलं. घाई करू नका. जवळ बसा, पण मागं लागू नका." त्याच्या जवळ बसायला मला काय जड होतं? नाहीतरी बसूनच होतो.

पण तरी त्यानं तोंड लावलं नाही. शेवटी मी पवनीला देवाजीला फोन केला. विचारलं, ताई काय घालत होती त्याला? कोणत्या भांड्यात? तो म्हणाला, "आपलंच वरण-भात, भाऊ. दुसरं काही नाही." मग थोडा थांबला आणि म्हणाला, "पण एक सांगू का? ताई ताट घेऊन ओट्यावर बसत होत्या. एक घास त्यायचा, एक त्याचा. घरात एकट्या बसून जेवल्याच नाही त्या कधी. तो आल्यापासून त नाहीच."

मी फोन ठेवला, ताई.

इतकी वर्षं आम्ही फोनवर विचारायचो, "जेवलीस का?" तू म्हणायचीस, "हाव, जेवली." संपलं! कोणासोबत जेवलीस, हे कोणी विचारलंच नाही. तुला जेवायला सोबत लागते, हे मला माहीत नव्हतं. तू का नाही सांगितलंस? सगळ्या जगाची दुखणी ऐकलीस आणि स्वतःचं एवढंसं सांगितलं नाहीस. रागच आला मला तुझा. अजून आहे थोडा.

त्या दिवशी मी माझं ताट घेतलं आणि वरांड्यात गेलो. गुडघे कुरकुरले, पण जमिनीवर मांडी घातली. एक घास खाल्ला. एक त्याच्यापुढे ठेवला. त्यानं पाहिलं नाही. मी दुसरा खाल्ला. मग तिसरा. वरण थंड झालं. आणि मग त्याची मान हलली, ताई. आधी नाक पुढे आलं, मग जीभ. माझ्या तोंडून 'अरे!' निघालं. आतून मंगला म्हणाली, "काय झालं जी?" मी तिला बोलावलं. ती दारात आली, पाहिलं आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पण ताट घेऊन आली. भिंतीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, त्याच्यापासून लांब बसली. पण बसली. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी आधी जेवणार, ती मागून, असंच चालत आलेलं. तेव्हापासून आम्ही रोज एकत्र जेवतो. लाखोरीच्या डाळीचं वरण तिच्या हातचं इतकं चांगलं होतं, हे मला टीव्हीसमोर जेवताना कधी कळलंच नव्हतं!

अंगात ताकद आली तसा ठाणेदार उठून फाटकाशी जाऊन उभा राहायला लागला. सकाळी उजाडलं की फाटक. मी लक्ष दिलं नाही तर परत येणार, माझ्या खुर्चीसमोर बसणार आणि टक लावून बघणार. भुंकणार नाही, चाटणार नाही. नुसता बघणार. तुझ्यासारखा, चष्म्यावरून! किती वेळ दुर्लक्ष करणार? पट्टा लावला आणि निघालो.

पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत गेलो आणि मला धाप लागली. तो थांबला. मी निघालो की निघाला. मोठ्या कुत्र्याचं हे बरं असतं, ताई. पिल्लू असतं तर मला ओढत नेऊन पाडलं असतं. हा माझ्याच चालीचा. त्याचेही सांधे दुखायचे, माझेही. पिंपळानंतर किराण्याचं दुकान आलं, मग गिरणीचं फाटक, मग तलावाची पाळ. दिवाळी यायच्या आत आम्ही तलावाला पूर्ण वळसा घालू लागलो. थंडीत पाण्यावर बदकं उतरली की तो पाळीवर बसून त्यांची हजेरी घ्यायचा.

आणि माणसं! मला वाटायचं, निवृत्त झाल्यावर मला गावात कोणी ओळखत नाही. आता चहावाला हाक मारतो, "काय म्हणते ठाणेदार?" गिरणीतले जुने हमाल थांबतात, हात पुढे करतात, तो वास घेतो, ते हसतात. मग इकडच्या तिकडच्या गोष्टी निघतात. कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कोणाच्या बांधीत धानाची रोवणी राहिली. घरी परत येईपर्यंत माझं तोंड बोलून बोलून दुखतं. मी, ज्यानं बोलणं सोडलं होतं!

सगळं गोडगोड होतं असं समजू नकोस. मंगलाची नवी चप्पल त्यानं कुरतडली. मिक्सर लागला की असा केकाटतो की शेजारीण भिंतीवरून डोकावते. घरभर केस! मंगला झाडू मारता मारता तुझ्या नावानं बोलते, "ताई, तुमचा वारसा पाहा कसा हाये!"

पण तिची गोष्ट दिवाळीत झाली. लक्ष्मीपूजनाचे फटाके सुरू झाले आणि ठाणेदार कुठं दिसेना. मी वरांड्यात, अंगणात, मागे न्हाणीत पाहिलं. मंगला ताटात दिवे लावत होती. तेवढ्यात तिनं हाक मारली, पण कशी? दबक्या आवाजात. जाऊन पाहतो तर तो तिच्या स्वयंपाकघरात! जिथं पाय ठेवायला बंदी, तिथं ओट्याखाली, तिच्या पायांना चिकटून बसलेला. थरथरत होता. मी म्हणालो, "हलू नको, मी काढतो त्याले." ती खाली बघत होती. म्हणाली, "राहू द्या. मायबाई, हा त माह्यापेक्षाही भितरा हाये!" आणि तिनं खाली बसून हात पुढे नेला. त्याच्या डोक्यावर ठेवला. दोघंही कापत होते, ताई. बाहेर फटाके फुटत राहिले आणि ती तशीच बसून राहिली. मग तिचा हात थांबला, नंतर त्याचं अंग.

त्यानंतर "पाय नाही ठेवाचा" हे कधी ऐकू आलं नाही. आता दुपारी ती तांदूळ निवडते आणि तो तिच्या पायावर डोकं ठेवून झोपतो. लहानपणची ती भीती इतक्या वर्षांनी गेली. मला म्हणते, "काहून कोण जाणे, पण याच्याजवळ बसलं की डोकं शांत होते जी." खरं आहे. मलाही झोप लागते आता. त्याचा श्वास ऐकत ऐकत लागते.

उन्हाळ्यात तपासणीला गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिला, पुन्हा बीपी घेतलं. "काका, काय करता आजकाल?" मी म्हणालो, "कुत्रा फिरवतो." मंगला लगेच म्हणाली, "मेथीचं पाणी मी देतो रोज!" डॉक्टर हसले. म्हणाले, "मेथीही चालू ठेवा, कुत्राही चालू ठेवा. घरात जनावर असलं की माणूस हलतो, बोलतो, हसतो. त्याचाच फायदा होतो. औषध मात्र बंद करायचं नाही." एक गोळी कमी केली त्यांनी. सगळ्या नाही, एकच. पण तुला सांगू का, बाहेर आल्यावर मला पहिली आठवण तुझी आली. आकडा ऐकून तू काय म्हणाली असतीस? की काही न बोलता मशीन गुंडाळून ठेवलं असतंस?

आता कालचं.

पवनीला त्याला न्यावं की नाही, यावर आमचं आठवडाभर चाललं होतं. मंगला म्हणत होती, नको. तिच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. तेच माझ्याही मनात होतं. पण त्याचं घर आहे ते! त्याला एकदा तरी दाखवायला नको? गाडी केली आणि निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रोवणी झालेलं धान हिरवंगार उभं होतं. त्यानं खिडकीतून नाक काढलं आणि तसाच राहिला.

गल्लीच्या तोंडाशी तो रडल्यासारखा आवाज काढायला लागला. दार उघडलं तसा आत धावला. तुझी खोली, देवघर, स्वयंपाकघर, मागचं अंगण. पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक कोपऱ्यात नाक घातलं. मग बाहेर येऊन तुझ्या ओट्यावर, त्याच्या जुन्या जागी पडला. पूजा झाली, पिंड झाले, माणसं जेवून गेली, तो उठला नाही. देवाजी येऊन त्याच्याशी बोलला. त्यानं शेपटी हलवली, पण उठला नाही.

ऊन उतरलं. निघायची वेळ झाली. मी दाराला कुलूप लावलं, तरी तो तिथंच.

देवाजी हळूच म्हणाला, "राहू द्या, भाऊ. त्याचं मन इथंच असन त मी पाहीन त्याले. आता मले ठाऊक हाये, सोबत बसून जेवा लागते."

मंगला माझ्याकडे वळली. "हाक मारा नं जी! तुम्ही हाक माराल त येईन तो."

मी म्हणालो, "नाही. त्याले कोणी आजवर विचारलंच नाही, कुठं राहाचं म्हणून. आज त्याले ठरवू दे."

बोलून गेलो, पण पाय गाडीकडे वळेनात. तेव्हा मंगला गेली. त्याच्या शेजारी ओट्यावर बसली. त्याच्या कानामागे खाजवलं. म्हणाली, "पाह्य बाप्पा, तुले राहाचं असन त राहा. ताईचं घर हाये. कोणी रागावणार नाही तुले." आणि उठली. मागं न बघता गाडीपर्यंत आली, आत बसली, दार मात्र उघडं ठेवलं. डोळे पुसायचे नाहीत म्हणून समोरच्या काचेकडे बघत राहिली.

ठाणेदार उठला. तुझ्या दाराजवळ गेला, उंबऱ्याचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं, ओट्यावरून उतरला आणि सावकाश, आपल्या चालीनं गाडीकडे आला. आत चढून मंगलाच्या पायांवर बसला.

देवाजी "घ्या!" म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं. मंगला भंडाऱ्यापर्यंत रडत होती. मी ड्रायव्हरशी पावसापाण्याच्या गोष्टी करत राहिलो.

ताई, तुला राग नाही ना आला, तो तुझ्या ओट्यावरून उठून आला म्हणून? मला नाही वाटत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "जा, बेटा, जा."

त्याची दोन घरं सुटली. एकदा माणसं सोडून गेली, एकदा माणूसच गेलं. पशुवैद्यक म्हणतात, नीट सांभाळलं तर अजून काही वर्षं सहज काढेल. म्हणून तुला आज एक वचन देतो. माणसाचं आयुष्य त्याच्या हातात नसतं, हे मला कळतं. पण जेवढं हातात आहे तेवढं करीन. गोळ्या घेईन, साखरेला हात लावणार नाही, पाऊस असला तरी छत्री घेऊन तलावाला वळसा घालीन. त्याला तिसऱ्यांदा बंद दारासमोर बसू देणार नाही. या वेळी आधी तो जाईल, ताई, भरल्या घरातून. आणि मागं रडायला आम्ही दोघं राहू.

तुझा,
वसंता